फुलावर आलेलं झाड

आमच्या रोह्याच्या आळीतली अनंतआत्या शिव्या द्यायला लागली की कुंडलिकेचं पाणी उलटं वाहायला लागायचं. भरतीमुळं वाहायचं, असं म्हणणारे म्हणोत. मी माझ्या ओटीवर बसून पाहिलंय. पिंपळावरचे कावळे जे उठायचे ते थेट नागोठण्याला जाऊन बसायचे. आणि हा कल्लोळ कशासाठी? कुणी चोरी केली म्हणून नव्हे, कुणाची पोरगी पळाली म्हणून तर मुळीच नव्हे. फुलावर आलेलं झाड कुणीतरी कुंडी बदलून हलवलं म्हणून!

ती नात्यानं कुणाचीच आत्या नव्हती. दारात अनंताचं झाड, म्हणून अनंतआत्या. नवरा तरुणपणीच गेलेला, एकच मुलगी मंदा, तीही पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखानदाराकडे दिलेली. मग आत्यानं अख्ख्या आळीची झाडं दत्तक घेतली. चहा झाला की ती फेरीला निघे आणि लोकांच्या कुंपणांवरून मान घालून पाहणी करी. फौजदारही इतक्या हक्कानं कुणाच्या घरात डोकावत नसेल.

एकदा मी भरल्या फुलांची जास्वंद मोठ्या कुंडीत लावत होतो. मागून गर्जना आली. "अरे मुडद्या, दिवस भरलेली बाई खाटेसकट उचलून नदीपल्याड नेशील काय?"

"आत्या, झाड आहे ते."

"मंग? त्याला एका वक्ताला दोन कामं जमत नाय. फुलंल, नायतर मुळं धरंल. कुंडीच फुटली आसंल तर आधी समद्या कळ्या खुड, मंग मुळाला हात लाव. या वर्साची फुलं गेली तर जाऊ देत, झाड तर राहील!"

माझी बायको आत पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. मी निमूट कळ्या खुडल्या. ती जास्वंद पुढं इतकी माजली, की कौलांवरून शेजारच्या शिंप्याच्या घरात शिरली आणि त्याच्या मशिनवर फुलं टाकायला लागली.

आत्याचा अनंत मात्र राजा. कंपनीतून भंगारात निघालेलं निळं पिंप अर्धं कापून त्यात मंदानं लग्नाआधी फांदी खोचली होती. पाणी जायला बुडाला तापल्या सळीनं भोक पाडलं होतं. झाडानं त्याच भोकातून मूळ खाली सोडलं आणि जमीन धरली. आता ते पिंप हत्तीनं ओढलं तरी हललं नसतं. दर वर्षी पहिलं फूल ओल्या केळीच्या पानात गुंडाळून आत्या एस.टी.नं जोह्याला न्यायची. त्या वासानं गाडीत सुतकातली माणसंसुद्धा हसायची.

मग एका वर्षी मंदा अंथरुणाला खिळली. पोटाचं दुखणं. मुंबईच्या डॉक्टरांनी जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या. मंदाला कुणी काही बोललं नाही. सगळे तिला एकच सांगत, पावसाळा सरला की उठशील, दिवाळीला रोह्याला जाशील. आत्याही हसून तेच सांगे.

पहिलं फूल पोचवून आत्या परतली ती माझ्या ओटीवर येऊन बसली. "जाईपरेंत पिवळं पडलं रे. मंदा म्हंते, आये, एकदा झाडावर फुललेला बघायचाय."

झाड कळ्यांनी लगडलेलं. ते हलवायचं, म्हणजे पिंपाखालचं मूळ तोडायचं. मी तिचाच मंत्र तिला ऐकवला. "आत्या, कळ्या खुडून नेऊ. झाड जगेल."

"आन् तिला काय दावू? काठ्या?"

एवढंच. शिवी नाही. तिनं माझ्या हातात कोयती दिली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

टेम्पोत मागं ती खोडाला मिठी मारून बसली, मुळांभोवती ओली गोणपाटं. वडखळपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला तिनं ड्रायव्हरचा एकेक पूर्वज उकरून काढला. जोहं येईस्तोवर बिचाऱ्याचं घराणं संपलं होतं. पण प्रत्येक खड्ड्याला दोन-चार कळ्याही गळत होत्या. त्या ती पदरात गोळा करत होती.

जोह्याला घरभर पांढरे गणपती. ओटीवर, माजघरात, मंदाच्या खाटेखालीसुद्धा. एकालाही डोळे नव्हते, कारण डोळ्यांची आखणी मंदाच करायची. जावयानं शाडू भिजवायचा टब रिकामा केला. आम्ही त्यात झाड लावलं आणि टब खाटेजवळ सरकवला. एक कळी एका बाजूनं उमलली होती, चुरगळलेल्या कागदासारखी.

मंदा हसली. हात लांब करून तिनं फूल हुंगलं. मग फांद्यांवर उरलेल्या कळ्यांकडे बघत राहिली.

"आये, कळ्या नाय खुडल्यास?"

आत्या गोणपाट घडी करत होती. "राह्यलं गो."

"तुझ्याकडनं राह्यलं?"

आत्यानं घडी केलेलं गोणपाट उलगडलं आणि पुन्हा घडी करायला घेतलं. मंदानं पुन्हा विचारलं नाही. आईच्या हाताखाली वाढलेली पोर; ज्या झाडाकडून पुढच्या वर्षी काही नको असतं, तेच कळ्यांसकट उपटतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं नवऱ्याला हाक मारली, "रंग आणि बारीक कुंचला द्या. या खाटेखालच्या देवाचे तरी डोळे काढते." काढलेही. दुसऱ्या गणपतीला हात पुरला नाही.

चार-सहा दिवसांत मंदा गेली. उरलेल्या कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, पानं काळवंडली. रोह्याला परतताना आत्या एकदाच बोलली. "मी दात दाबून गप ऱ्हायले रे. झाडानं सांगितलं."

त्यानंतर तिची फेरी बंद झाली. आळीत इतकी शांतता पसरली की लोकांची झोप उडाली. शेवटी आम्ही कट केला. शिंप्याच्या बायकोनं आत्याच्या दारासमोर बहरलेली शेवंती उपटली. कुणी मोगरा हलवला, कुणी सदाफुली. मी तर माझी ती माजलेली जास्वंद, लालभडक फुलांसकट, कुदळीचा दणदणाट करून काढली आणि डब्यात कोंबली. सगळी आळी कान टवकारून उभी. एक शिवी, आत्या. एक मुडद्या तरी म्हण.

ती दारात आली. उघड्या मुळांकडे पाहिलं.

"पानी घाल बेतानं," म्हणाली, आणि आत गेली.

त्या वर्षी आमच्या आळीत एकही फुलझाड जगलं नाही. पिंपळावरचे कावळे मात्र जागचे हलले नाहीत.