फोटोखालचं गाव

तेव्हा मी नाशिकच्या एका दैनिकात शिक्षणाच्या बातम्या करत होते. नोकरीला सहा महिने झाले होते. पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींचं एका कॉलेजात स्वागत होतं. फाटकाजवळ तिसऱ्या वर्षाच्या मुली त्यांना कुंकू लावून हातात गुलाब देत होत्या. छायाचित्रकाराने पाच जणींना ओळीत उभं केलं. नावं घ्यायचं काम माझं.

चौघींनी सांगितली. पाचवीने माझी वही मागून घेतली आणि स्वतःच लिहिलं: नाव, आडनाव, इंदिरानगर, नाशिक.

"मूळ गाव कुठलं?" मी विचारलं. फोटोखाली गाव असलं की त्या गावात अंक वाचला जातो, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"ते कशाला, मॅडम?"

"लिही गं," कुंकवाचं ताट धरलेली मुलगी म्हणाली. "उद्या चौकात तुझा बॅनर लागेल. भावी कलेक्टर."

सगळ्या हसल्या. तीही हसली. मग तिने खालच्या ओळीत निफाड तालुक्यातल्या एका गावाचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फोटो तीन कॉलम छापून आला. पाचही नावं बरोबर होती.

चार दिवसांनी दुपारी एक बाई कार्यालयात आल्या. त्या पाचव्या मुलीची मावशी, इंदिरानगरला राहणाऱ्या. पर्समधून त्यांनी फोटोचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. बारावीनंतर मुलीला शिकवायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं होतं. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मदतीला ती तिकडे राहते, एवढंच त्यांना माहीत होतं. पहिल्या सत्राचे गुण हातात आले की दिवाळीत सगळं सांगायचं, असं मावशी-भाचीचं ठरलं होतं.

"दाजी गावात सोसायटीच्या ओट्यावर बसले होते," मावशी म्हणाल्या. "कुणीतरी पेपर पुढे केला. म्हणाला, पेढे कुठायत? तसेच उठून माझ्याकडे आले. म्हणाले, फोटो छान आलाय. मग तिला म्हणाले, सामान भर."

मी वही उघडून तिने लिहिलेलं पान काढलं.

"तुमची चूक नाही हो, ताई. नाव बरोबर, गाव बरोबर. फक्त दोन ओळी छापा, की वडिलांनीच हौसेने शिकायला पाठवलंय. चारचौघांत मान खाली गेली, म्हणून ते अडलेत. गावाने हे वाचलं, तर कदाचित पाठवतील तिला."

मी वृत्तसंपादकांकडे गेले. त्यांनी कात्रण नीट वाचलं.

"यात चुकलंय काय?"

"काही नाही."

"मग दुरुस्ती कशाची छापू?"

मी बाहेर येऊन मावशींना तेच सांगितलं. त्यांनी कात्रणाची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. तिथून त्या कॉलेजात भाचीचा दाखला परत घ्यायला गेल्या.

पुढच्या वर्षी त्याच स्वागताला मी पुन्हा गेले. फोटोआधी विचारलं, "घरी माहीत आहे ना?"

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. "मॅडम, पप्पाच आत्ता सोडून गेलेत."

मी नावं घेतली. संध्याकाळी वृत्तसंपादकांनी विचारलं, "गावं राहिली का?" मी म्हटलं, "हो, राहिली."

आधीच्या वर्षीची वही माझ्याकडे आहे. तिच्या अक्षरात एकाखाली एक दोन पत्ते आहेत. पहिला पुरला असता.