पथारीवरची डीपी आणि बी-तेल

डीपीची जुनी टाकी उघडली की तळाशी गाळ सापडतो. कोणी मुद्दाम टाकलेला नसतो, चालता चालता साचतो. आमच्या शेडमधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. आता हात लागलाच आहे तर ढवळते. अंगावर उडालं तर मला बोलू नका!

मी जळालेल्या डीपी, म्हणजे खांबावरचे विजेचे ट्रान्सफॉर्मर, दुरुस्त करते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं नवऱ्याच्या हाताकडे बघून शिकले, आणि तो गेल्यावर त्याच्यापेक्षा चांगलं करून दाखवलं. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

*

डीपीच्या पोटात तेल असतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. कशासाठी असतं? तर गुडघ्यांसाठी! आतली तारेची वेटोळी थंड ठेवायला आणि करंट अडवायला, असं मी किती वर्षं सांगते आहे. कोण ऐकतंय? कळसाडीचा एक म्हातारा दर थंडीत बाटली घेऊन हजर. "मावशी, गुडघाले लावाले डीपीनं तेल दे ना." दर थंडीत मी त्याला हाकलते.

यंदा शेडमध्ये नवीन तेल आलं. जमिनीतून काढलेलं नाही, सोयाबीनच्या बियांचं, पण डीपीसाठी खास शुद्ध केलेलं. आम्ही त्याला बी-तेल म्हणायला लागलो. म्हाताऱ्यानं पिंपावर वाकून लांब श्वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यानामा तं वासच नही! बिनवासनी दवा काय कामनी?"

गेला तो परत आलाच नाही. बी-तेलाचा पहिला फायदा मला असा झाला!

*

पण तेल आलं ते सुमनपायी.

सुमन म्हणजे मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांची मुकादम. पथारी म्हणजे मोकळं मैदान, त्यावर लाल मिरच्या वाळत टाकलेल्या. त्या मैदानाच्या कडेला खांबावर डीपी. गेल्या हंगामात ती फुटली, तेल पेटलं आणि आग मिरच्यांपर्यंत गेली. मिरचीचा धूर ज्यानं घेतला नाही त्यानं आगीबद्दल बोलू नये. बाया आंधळ्यासारख्या पळाल्या. सुमनचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

यंदा तिनं पथारीच्या शेठला सांगून टाकलं, "ती डीपी तठे ऱ्हायनी तं आम्ही येणार नहीत." डीपी हलायची नाही आणि बायांना दुसरं काम नाही. मग ती माझ्याकडे आली. "माय, तू कर काहीतरी."

तेलाच्या कंपनीत वैशाली नावाची इंजिनिअर पोरगी आहे, हुशार. ती म्हणाली, "मावशी, हे बी-तेल पेटायला जुन्यापेक्षा कितीतरी जास्त तापावं लागतं." मी लगेच सुमनला निरोप धाडला. सुमन आली आणि म्हणाली, "तेल ते तेलच ना! कढईमा पेटत नही का?"

प्रश्न चोख होता. मी वैशालीला समोर उभं केलं, दोन पळ्या घेतल्या, एकीत जुनं तेल, दुसरीत नवं, आणि खाली जाळ. जुन्यानं भस्सकन पेट घेतला. नव्यातून नुसता धूर निघत राहिला. मी कमरेवर हात ठेवून सुमनकडे बघितलं.

ती म्हणे, "पेटत नही, नुसतं धुपस. तुन्हासारखंच शे, माय!"

*

शेठचं वेगळंच. पथारी त्याची, डीपीचा खर्च त्याचा. सोयाबीन ऐकून त्याचा चेहरा पडला.

"मावशी, शेंगदाण्याचं नाही का? आमच्या घरी सोयाबीन कोणी तोंडात घालत नाही."

"शेठ, डीपी तुमच्या घरची सून आहे का?"

"तसं नाही, पण पथारीवर लोक बघतात हो!"

*

बी-तेलाला हवा सोसत नाही. उघडं राहिलं की चिकट होतं. जुन्या डीपीला श्वास घ्यायला एक डबी असते. वैशालीनं सांगितलं, ती काढा आणि टाकी पक्की बंद करा.

माझा कारागीर रामदास अडून बसला. "श्वास बंद केला तर डीपी जगेल कशी? मावशी, तुम्ही एक दिवस तोंड बंद ठेवून दाखवा, मग मी टाकी बंद करतो."

ठेवलं! मला काय कोणाची भीती आहे? दुपारपर्यंत ठेवलं. दुपारी एक गिऱ्हाईक आलं आणि रामदासच्या कामाला नावं ठेवायला लागलं. त्या माणसाला मी जे काही ऐकवलं, ते ऐकून रामदासनं गुपचूप पाना उचलला आणि टाकी बंद केली.

*

हे तेल जाडसर. वेटोळ्यांवरच्या कागदात मुरायला वेळ घेतं. तिकडे मिरच्यांच्या गाड्या येऊन उभ्या, शेठचे फोनवर फोन, सुमनच्या बाया घरी बसलेल्या. मी टाकीभोवती घिरट्या घालत होते. बसले की उठत होते. झाकणाला कान लावत होते, जसं काही आतून कोणी उत्तर देणार आहे.

रामदास म्हणाला, "मावशी, तुम्ही फिरल्यानं ते लवकर मुरणार नाही. लोणचं नाही ते."

"लोणच्याभोवती मी कधी फिरले नाही रे. लोणच्यानं कोणाचा हात भाजत नाही."

त्यानं आपला पाना पुसायला घेतला. पुढे बोलला असता तर पाना माझ्याही हाताशी होता.

*

डीपी चढली, चालू झाली, बाया कामावर आल्या. पण डीपीच्या चारी बाजूंनी मोठं रिकामं रिंगण! भर उन्हात भाजत बसतील, पण तिच्या सावलीला पाय लावणार नाहीत. मला राग आला. मी गोणपाट टाकलं आणि एकटीच जाऊन खाली बसले.

"बघा! काही होतंय का मला?"

सुमन लांबूनच ओरडली, "तू मरी गयी तरी चाली, माय! तुन्हं वय व्हयेल शे. आमना पोरे धाकला शेतस!"

सगळ्या पथारीला हसू फुटलं. मी संध्याकाळपर्यंत तशीच बसले. दुसऱ्या दिवशीही गेले. रिंगण काही एका पावलानं आत सरकलं नाही. घरी आले की भाकरी गोड लागेना. फोन वाजला की आधी शेठचा नाही ना ते बघायचे. रात्रीची कूस बदलायची तरी किती?

*

आणि एका दुपारी फोन वाजलाच. शेठ.

"मावशी, डीपी फुटली!"

"आग?"

फोन बंद. परत लावला, लागेना. रामदासला रिक्षात कोंबलं. रस्ताभर मी मान बाहेर काढून आभाळाकडे बघत होते, धूर दिसतो का. नाकानं हवा ओढत होते, ठसका येतो का. रिक्षावाला म्हणे, "मावशी, डोकं आत घ्या." त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहिता यायचं नाही.

पोचले. वाऱ्यानं मिरच्यांवरची ताडपत्री उडून तारांवर जाऊन पडली होती. तारा एकमेकींना भिडून मोठा बार झाला, झाकण उचकटलं, तेल मैदानावर सांडलं. वायरमननं लाईन तोडून टाकलेली. खाली पसरलेल्या तेलावर कोणीतरी माती ओढलेली. कडेच्या मिरच्या तेलानं चकचकत होत्या, लालच्या लाल. जळून काळी झालेली एकही नाही.

शेठ डोक्याला हात लावून ओरडत होता, "अगं बायांनो, ती फुटलीय! आता तिच्याखाली काय बसताय?"

रिंगण नव्हतंच. सगळ्या बाया गोणपाटं ओढून डीपीच्या खाली, खांबाला खेटून बसल्या होत्या आणि देठ खुडत होत्या.

सुमननं मान वर केली नाही.

"डीपी फुटनी, शेठ. सावली तं नही फुटनी ना! सरका वं जराशा, माय उनी शे. तिले बठू द्या."