मे महिन्यापुरती टँकरवाली

गाडीत चढण्याआधी आक्का बॉनेटवर दोनदा हात थोपटायची. आपण म्हशीच्या पाठीवर थोपटतो ना, तसं. मग पदर कमरेला खोचून, "चला बाईसाब, उशीर झालाय," असं गाडीलाच सांगून वर चढायची. सकाळच्या वेळी बेळगावात कॅम्पातल्या रस्त्यावर तुम्ही कधी थांबला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. पिवळी स्कूलबस, आत पोरांचा कालवा, आणि स्टिअरिंगवर सुती साडीवर खाकी शर्ट घातलेली, ठसठशीत कुंकवाची बाई.

मी शहराच्या कडेला एका पेट्रोल पंपावर मॅनेजर आहे. ती येळ्ळूरची. वयानं माझ्याहून लहान, पण सगळेच आक्का म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. ती मला अण्णा म्हणायची. डिझेल भरून होईपर्यंत ती बोलायची आणि मी ऐकायचो. मला मुळात बोलताच येत नाही. आपण काही बोललो की कुणाचं तरी बिघडेल असं वाटत राहतं, आणि बिघडलं नाही तरी टोचणी राहतेच. घरचे याला घुमेपणा म्हणतात. ती म्हणायची, "अण्णा, तुमी बोलत न्हाय, पर तुमचं तोंड लई बोलतंय. आज काय, भांडण झालंय व्हय घरात?" बहुतेक वेळा झालेलं असायचं.

तिच्याकडं पुढचे बेत कायम तयार असायचे. एकदा स्वतःची बस घेऊन गोव्याच्या ट्रिपा मारायच्या होत्या. एकदा सरकारी बसवर भरती व्हायचं होतं. पण फिरून फिरून ती एकाच गोष्टीवर यायची: येळ्ळूरात बायकांना गाडी शिकवायची. गावात चारचाकी आल्या, त्या दारात उभ्या. नवरा शेतावर नाहीतर फॅक्टरीत, आणि बाई रिक्षाची वाट बघत बसलेली. हे तिला बघवत नव्हतं. "दारात म्हस बांधून दूध इकत आणायचं, असं झालंय बगा," म्हणायची. विचार पक्का होता, फक्त मुहूर्त लागत नव्हता. तिनं घरोघर विचारून पाहिलं होतं. बायका हसायच्या. एकजण म्हणाली, पोरं नेणं-आणणं निराळं आणि शिकवणं निराळं. ते तिला लागलं होतं. तिनं मला ते सांगितलं, पण हसत सांगितलं नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

एप्रिल सरता सरता आमच्या मालकांच्या टँकरचा ड्रायव्हर घराच्या जिन्यावरून पडला आणि पाय मोडून बसला. मालकांचे दोन पंप. एक मी बसतो तो, दुसरा निपाणीच्या पुढं, हद्दीजवळ. हद्दीपलीकडं महाराष्ट्रात डिझेल आपल्यापेक्षा महाग, त्यामुळं तिकडं शिरण्याआधी ट्रकवाले आमच्याकडं टाकी गच्च करून घेतात. उन्हाळ्यात तर रांग लागते. टँकर थांबला की तो पंप कोरडा. मालकांनी मला सहज विचारलं, ओळखीत कुणी आहे का. शाळांना सुट्टी लागली होती. मी आक्काचं नाव घेतलं. मोठ्या गाडीचं लायसन तिच्याकडं होतंच. मालक माझ्याकडं जरा निरखून बघत "हं" म्हणाले.

नाव घेतलं आणि त्याच क्षणी मी पस्तावलो. पोरांची बस कुठं आणि टँकर कुठं. काही झालं तर येळ्ळूरात तिच्या दारात मी कुठल्या तोंडानं जायचं?

आठवड्याभरात ती ट्रेनिंग करून, कागद घेऊन आली. मे महिन्यापुरतं काम. शाळा उघडली की ती बसवर, आणि तोवर जुन्या ड्रायव्हरचा पाय बरा, असा सगळ्यांचा हिशेब.

पहिल्या दिवशी टँकर आमच्याच पंपाच्या मागं उभा होता, रिकामा. रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत तेलाची वाफ कोंडलेली असते, ठिणगीनं पेटणारी. मालकही मुद्दाम आले होते. आक्का न्हाऊन, जास्वंदीचा हार घेऊन आली. हार घातला, कुंकू लावलं, पुढच्या चाकांखाली लिंबू ठेवलं. मी ऑफिसच्या काचेतून बघत होतो. मग तिनं पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला आणि काडेपेटी.

मी चपला न घालता धावलो. आयुष्यात पहिल्यांदा पंपावर माझा आवाज सगळ्यांनी ऐकला असेल. काय ओरडलो ते मला आठवत नाही. काडी ओढायच्या आत काडेपेटी माझ्या हातात होती, एवढं खरं.

मालकांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. पहिल्याच दिवशी ही तऱ्हा, पुढं काय, घरी जा म्हणाले.  आक्का हळू आवाजात म्हणाली, "बिडी-शिग्रेट न्हाय म्हणून सांगितलंतं ट्रेनिंगात. देवाचं कोण काय बोललं न्हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. मालकांनी तिकडं पाहिलं तसं ते थांबलं. मालक आपल्या कारकडं वळले. ती खाली बघत पिशवीत पुडा घालायला लागली, आणि मला दिसलं की तो पुडा काही केल्या पिशवीत जात नाही.

आता जे सांगतो ते मी घरीही कधी सांगितलं नाही. मी मालकांना म्हणालो, "मालक, दसऱ्याला आपण मशीनसमोर कापूर लावतो."

ते वळले. मी पुढं बोललो. दर वर्षी तुम्ही लावता आणि तबक मी धरतो. दर वर्षी मला भीती वाटते आणि मी गप्प बसतो. नियम भिंतीवर टांगलेत, खाली माझी सही आहे. तिला एकदाही कुणी सांगितलं नाही आणि आपल्याला तर सगळं माहीत आहे. तिला घरी पाठवायचं असेल तर आधी मला पाठवा.

 मालकांनी मशीनकडं पाहिलं. मग कानडीत "आयतु" म्हणाले, म्हणजे झालं ते झालं, आणि गाडीत बसून निघून गेले. त्या दसऱ्याला आमच्याकडं फक्त फुलं वाहिली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आक्कानं काडेपेटी परत मागितली नाही. "देवाला सांगते मी, सुट्टीपुरतं फुलावर भागवून घे म्हणून," एवढंच बोलली आणि चढली.

माल उतरवायच्या दिवशी माप लिहून घ्यायला मी निपाणीच्या पंपावर असायचो. तवंदीचा घाट उतरून टँकर येताना लांबूनच कळायचं ती चालवते आहे. टँकरमधला माल नुसता बसून राहत नाही, ब्रेक मारला की पुढं धावतो आणि सगळी गाडी ढकलतो. जुना ड्रायव्हर यायचा तो धक्के खात. ही अशी यायची की जणू मागं कुणी झोपलंय. मी एकदा विचारलं तर म्हणाली, पोरं बी अशीच हैत की, ब्रेक मारला की समदी पुढं, आणि एकाचा डबा दुसऱ्याच्या डोक्यावर.

टँकर आला की लगेच माल उतरवत नाहीत. गाडी थोडा वेळ थंड उभी ठेवायची, आतलं तेल स्थिर होऊ द्यायचं, मग वरून पट्टी घालून माप घ्यायचं. जमिनीत वीज उतरायची तार ती स्वतः जोडायची. तिला ती 'सलाईन' म्हणायची. तार लावून झाली की पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायची, आणि तिचे बेत सुरू व्हायचे. ट्रकवाले टँकरकडं बघायचे, मग तिच्याकडं, मग परत टँकरकडं. एका पोरसवदा ट्रकवाल्यानं विचारलं, "मावशी, टँकर धुवायला आणलाय काय?"

"व्हय. तुजा बी आण, एकदमच धुते."

तो पोरगा नंतर दर खेपेला खाली उतरून नमस्कार करायचा.

मे संपत आला. जुन्या ड्रायव्हरचा पाय काही धरेना. मालक म्हणाले, तो येईपर्यंत हिनंच चालवावं, पण तो आला की जागा त्याची. माणूस जुना आहे. आणि तिकडून बसच्या कंत्राटदाराचा निरोप आला, शाळा उघडायच्या दिवशी हजर राहायचं, नाहीतर बस दुसऱ्याला दिली. म्हणजे बसवर गेली तर वर्षानुवर्षांची रोजी शाबूत, आणि टँकरवर राहिली तर दिवाळीला दोन्ही हात रिकामे. तिच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणतो. ते शेतातून एकदा पंपावर आले, चहा प्यायले, आणि "तिला कळतंय" एवढं बोलून गेले.

त्या दिवशी सावलीत बसून तिनं मला विचारलं. मी नेहमीसारखा गप्प बसलो असतो, पण दसऱ्याचं बोलून गेल्यापासून माझी दातखिळी जरा सैल झाली होती.

मी म्हणालो, "आक्का, खरं सांगू? मला झोप लागत नाही. मालकांना तुमचं नाव मी सुचवलं. मी गप्प बसलो असतो तर आज तुम्ही सुखानं बसवर गेला असता. उद्या बस गेली, हेही गेलं, तर ते माझ्यामुळं. आणि तुम्ही इथंच राहावं असंही मला वाटतं, तेही माझ्यासाठीच. त्यामुळं माझं ऐकू नका."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अण्णा, ड्रायव्हर पडला त्याच दिवशी मालकाला फोन मीच केलता. पावतीवर नंबर असतोय की. मालक म्हणालं, बघतो, आमच्या मॅनेजरचं काय म्हणणं हाय ते."

मला त्या निरखून म्हटलेल्या "हं"चा अर्थ तेव्हा लागला. महिनाभर मी जे ओझं घेऊन हिंडत होतो ते माझं नव्हतंच. हलकं वाटायच्या ऐवजी आधी मला थोडा रागच आला, हेही कबूल करतो.

"मग आता काय ठरवलंय?" मी विचारलं.

"बस सोडणार," ती म्हणाली. तिचं हसू आता थांबलं होतं. "भ्या वाटतंय. लई वाटतंय. पर अण्णा, बसवाली शिकिवती म्हटल्यावर कोण आलं न्हाय. टँकरवाली शिकिवती म्हटल्यावर येतील. गावात आत्ताच इचाराय लागल्यात, घाटातनं खरंच तूच आणतीस काय म्हणून. दिवाळीपर्यंत सगळ्यास्नी दिसू दे."

ती उठली, पट्टी घेऊन टँकरवर चढली आणि वरून मला माप सांगितलं. मी ते लिहून घेतलं.

दिवाळीनंतर जुना ड्रायव्हर आला. तिनं त्याला किल्ली दिली, घाटातल्या कुठल्या वळणावर खडी आलीय ते सांगितलं, आणि गेली. आता टँकर येतो तो पुन्हा धक्के खात. पिवळी बस दुसराच कुणी चालवतो, तो दुसऱ्या पंपावर डिझेल भरतो. आक्का आमच्याकडं येत नाही. तिला यायचं कारणच उरलेलं नाही. येळ्ळूरात तिनं रीतसर बोर्ड लावलाय, दोन्ही भाषांत, असं दाजींकडून कळलं.

परवा तिकडच्या लग्नाला गेलो होतो. येळ्ळूरच्या रस्त्यावर आमच्या पुढं एक जुनी पांढरी गाडी चालली होती, इतकी हळू की तिला सायकलवाले ओलांडून जात होते. काचेवर शिकाऊचं लाल 'एल' अक्षर. मागं ट्रॅक्टर, दोन रिक्षा, आमची मोटरसायकल, सगळे खोळंबलेले. रस्ता रुंद झाला तशी मी मोटरसायकल तिच्या शेजारी घेतली. स्टिअरिंगवर माझ्याच वयाची एक बाई होती, डोळे वटारून, दोन्ही हातांनी चाक आवळून बसलेली. बाजूच्या सीटवर आक्का. तिचं रस्त्याकडं लक्षच नव्हतं; खिडकीतून शेतातल्या भाताच्या गंज्यांकडं बघत, काहीतरी गुणगुणत, शेंगा खात बसली होती.