अप्पांच्या पानावर वाढलेलं

अम्मा गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकानं तिच्या शाळेची आठवण काढली. तीस वर्षं ती महापालिकेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होती. कुणाचं नाक पूस, कुणाच्या डोक्यातल्या उवा काढ, उपाशी आलेल्या पोराला आपल्या डब्यातला दहीभात दे, असा तिचा दिवस जायचा. रिक्षावाल्यांची, कोळ्यांची, इस्त्रीवाल्यांची मुलं तिच्या मांडीवर लोळायची. लोक सांगत होते आणि मी मान डोलवत होते, कारण त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

पण मला अम्मा सांगायची तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागते. शाळेतून आली की ती दारातच चपला सोडायची आणि कशालाही न शिवता थेट न्हाणीघरात जायची. अंघोळ होईपर्यंत मलाही जवळ घ्यायची नाही. आम्ही तंजावरकडचे मराठी. महाराष्ट्रात आता विसरले असतील इतकं कडक सोवळं आमच्या घरात होतं. छताजवळ आडवा बांबू टांगलेला. धुतलेली नऊवारी त्यावर लांब काठीनं टाकायची, दुसऱ्या दिवशी अंघोळ करून काठीनंच काढायची, म्हणजे मध्ये कुणाचा हात लागत नाही. ती नेसून केलेला स्वयंपाकच अम्मा जेवायची, आणि तोसुद्धा तिनं स्वतः केलेला किंवा मी.

मला हे कधीच पटलं नाही. पंधराव्या वर्षी मी तिला तोंडावर विचारलं होतं, दिवसभर ज्या पोरांना मांडीवर घेतेस त्यांचा हात लागला तर तुझा भात काय मरतो? ती शांतपणे म्हणाली, "तें शाळा. हें घर." याच्यापुढे तिचं स्पष्टीकरण जन्मात कधी गेलं नाही. मी मात्र नाकावर माशी बसू न देणारी. आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

पुढे माझं लग्न मोडलं आणि दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन मी वेलचेरीच्या तिच्या तळमजल्यावरच्या घरी परत आले, तेव्हा अम्मानं एक अक्षर विचारलं नाही. पान मांडलं आणि म्हणाली, "जेव." माझी मुलगी तिनंच वाढवली. लहान लेकराला सोवळ्यातून सूट असते म्हणे, म्हणून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आजीकडून पाढे शिकायची, आमच्या तंजावरी मराठीत. आज ती बंगळुरात नोकरी करते, तमिळ आणि इंग्रजीत जगते, पण हिशेब चुकला की तोंडातल्या तोंडात आजीचेच पाढे म्हणते. अम्मा नसती तर आम्हा दोघींचं काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही.

मग एका वर्षी आमच्या भागात पाणी भरलं. वेलचेरीत ते भरतंच, पण त्या वर्षी घरात गुडघ्याच्या वर आलं. पाणी ओसरल्यावर, मी नको नको म्हणत असताना, अम्मा स्वयंपाकघरातला चिखल काढायला गेली आणि घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातल्या अकरा दिवसांत तिनं केळी, दूध आणि शहाळं यांखेरीज कशालाही तोंड लावलं नाही. गालांची हाडं वर आली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हाड जुळायचं तर पोटात अन्न जायला हवं, नाहीतर या उठायच्या नाहीत.

मी गुम्मिडिपूंडीला रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करत होते. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. कंपनीची बस पावणेसहाला, परत यायला साडेसात. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. अम्माच्या सोबतीला एक बाई मिळाली, शहराबाहेरच्या किनाऱ्यावरल्या कोवलमची, मच्छीमार घरातली, चाळिशीची. दोन बस बदलून सातला यायची. अम्माला उठवणं, बसवणं, अंग पुसणं सगळं तिनं करायचं; त्याला अम्माची ना नव्हती. फक्त तिनं चुलीपाशी जायचं नाही, मी करून ठेवलेलं तेवढं वाढून द्यायचं. आणि तिनं आपला डबा जिन्यात बसून खायचा, कारण त्यात मासे असायचे. ही सोय माझी. अम्मानं सांगितलीसुद्धा नव्हती.

पहिला आठवडा मी चारला उठून, अंघोळ करून, खरोखरच सोवळ्यात स्वयंपाक केला. नवव्या दिवशी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या डोळा लागला आणि हातातली बरणी फुटली. त्याच संध्याकाळी मी त्या बाईला सांगितलं की उद्यापासून स्वयंपाक तू कर, अम्माला मी केला म्हणून सांगू.

तिनं निघायला पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "अक्का, मी आपणहून सांगणार नाही. पण पाटीनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही." पाटी म्हणजे आजी, ती अम्माला तसंच म्हणायची.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाटक सुरू झालं. सव्वापाचला उठायचं आणि कोरडी ठणठणीत नऊवारी बादलीत बुडवून, पिळून, काठीनं बांबूवर टाकायची. अम्माच्या खाटेवरून तो बांबू समोर दिसायचा. साडी ओली म्हणजे मुलीची अंघोळ झाली, सोवळं नेसून झालं, स्वयंपाक झाला. मी ती साडी नेसतच नव्हते. सात महिने मी रोज एक कोरडी साडी ओली केली.

अम्मा जेवायला लागली. अंगावर मांस चढलं. वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली. संध्याकाळी मी घरी आले की म्हणायची, "सार बरें झालें गे आज. आत्तां तुज्या हाताला चव आली." मला आनंद व्हायचा आणि झोंबायचंही. पन्नाशी उलटलेल्या मुलीच्या हाताला आत्ता चव आली, आणि तीही दुसरीच्या हाताची. मग ती मला डांगर पच्चडीसाठी, आमच्या दह्यातल्या तोंडीलावण्यासाठी, उडीद किती भाजायचे, दह्यात पीठ कधी घालायचं, ते सांगायची आणि मी सकाळी बसमधून फोन करून ते सगळं तमिळमध्ये कोवलमच्या बाईला सांगायची. अम्माची चव अम्माच्याच पानात पोचत होती. मला वाटायचं, यात कुणाचं काय बिघडलं?

मग अप्पांची, माझ्या वडिलांची, तिथी आली. मला भाऊ नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं अम्माच त्या दिवशी सगळा स्वयंपाक करायची, वडे, खीर, तिळाची चटणी, आणि अप्पांच्या फोटोसमोर पान वाढून मगच जेवायची. नेमकी त्याच दिवशी कारखान्यात बाहेरच्या देशातून तपासणीला माणसं येणार होती आणि मला रजा मिळाली नाही. तिथी काही पुढे ढकलता येत नाही. मी अम्माला सांगितलं की पहाटे सगळं करून ठेवते, फक्त वाढायचं काम तेवढं त्या बाईकडून करून घे.

बाई मात्र ऐकेना. आदल्या संध्याकाळी म्हणाली, "रोजचं वेगळं, अक्का. हे गेलेल्या माणसाचं आहे. माझ्या घरी कुणी असं फसवून केलं तर मला चालणार नाही. उद्या नको." दिवसभराचा शीण माझ्या डोक्यात होता. मी म्हटलं, "तुला काम ठेवायचं आहे की नाही?" हे वाक्य मी बोलले. तिनं मान खाली घातली आणि बस पकडायला गेली.

तिथीच्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. अम्मा खुर्चीत, अप्पांच्या फोटोसमोर बसली होती. फोटोपुढचं केळीचं पान कोरं होतं. ओट्यावर सगळा स्वयंपाक झाकलेला, चमचाही बुडालेला नाही. एरवी मी आले की निघणारी बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. दोघी सकाळपासून उपाशी होत्या.

अम्मानं विचारलं, "कोणें केलें हें?"

"मींच, अम्मा. पहांटे."

अम्मानं बाईकडे पाहिलं. बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नान दान, पाटी." मीच, आजी. तिच्या आवाजावरूनच मला कळलं की हे दुपारीच विचारून आणि सांगून झालं होतं. अम्मानं मला पुन्हा विचारलं होतं ते फक्त मला एक संधी द्यायला.

"माज्या पोटांत काय गेलें तें जाऊं दे," अम्मा म्हणाली. "त्यांच्या पानावर खोटें वाढायला लावलीस."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी ओरडले. तीस वर्षं कोळ्यांची पोरं मांडीवर घेतलीस, त्यांच्या हातचं खाल्लं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे, मी तुला जगवलं, नाहीतर दवाखान्यातच गेली असतीस. सगळं बोलले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिच्या हातचें नको म्हणालें कीं मी? मला विचारलीस कीं एकदां?"

नव्हतं विचारलं. सात महिन्यांत एकदाही नाही. रोज सकाळी नऊला फोडणीचा वास घरभर जात असणार, आणि तेव्हा मी पन्नास किलोमीटर दूर असायची. अम्माला तो कळत नव्हता, असं मी कशाच्या जोरावर धरून चालले होते? मला वाटतं, स्वतःपुरतं तिनं कधीच डोळेझाक करून टाकली होती. अप्पांच्या पानापाशी तिला ती करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी अम्मानं बाईला सांगितलं की अंघोळ करून इथेच, माझ्या डोळ्यांसमोर रांध. आणि ती जेवली. बाईचा डबाही जिन्यातून आत आला. तो उघडला की अम्मा भिंतीकडे तोंड करायची, पण "आंतच बैस" म्हणायची. सत्तर वर्षांचं सोवळं तिनं एका सकाळी बाजूला ठेवलं, आणि ज्या मुलीला वाटत होतं की हे कधी होणारच नाही, तिच्या, म्हणजे माझ्या, हातचं खाणं मात्र थांबलं. चहा नाही, पाणीसुद्धा नाही.

रागावली असती तर मी भांडले असते. पण बाकी सगळं पूर्वीसारखंच होतं. तिच्या गुडघ्यांना तेल लावायला सांगायची, बस वेळेवर आली का विचारायची. माझ्या मुलीनं एकदा फोनवर विचारलं, "पाटी, माझ्या अम्मावर किती दिवस रागावणार?" अम्मा म्हणाली, "राग नाहीं गे. घास जात नाहीं."

मी तेव्हा विश्वास ठेवला नाही. तीन दिवस रजा काढली. खरोखर अंघोळ केली, खरोखर ती नऊवारी नेसले, तिच्यासमोर सार-भात केला आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं भात कालवला. घास तोंडापर्यंत नेला. तिथेच तिचा हात थांबला. तिनं परत प्रयत्न केला, मी बघत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. मग घास ताटात ठेवून ती रडायला लागली. "जात नाहीं गे," म्हणाली, "काय करूं?" मी ताट उचलून आत नेलं आणि मोरीपाशी बसून राहिले. मला तेव्हा मरावंसं वाटलं, हे मी साध्या अर्थानं सांगते आहे.

थंडीत तिला न्यूमोनिया झाला. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. माझी मुलगी बंगळुराहून आली. ती, मी आणि कोवलमची बाई, आम्ही तिघी खाटेभोवती बसलो, आणि सकाळी दहाच्या सुमाराला श्वास बदलला तेव्हा मुलीनं तुळशीचं पाणी माझ्या हातात दिलं. तो हक्क लेकीचा. मी चमचा अम्माच्या ओठांपाशी नेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले. मी "अम्मा, एकदा," म्हटलं. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

मुलगी रडत बाहेर गेली. कोवलमच्या बाईनं माझ्या हातातून चमचा हळूच काढून घेतला, पदरानं अम्माची हनुवटी पुसली आणि पुन्हा पाणी भरलं. अम्मानं तोंड उघडलं. घोट आत गेला, मी गळ्याकडेच बघत होते. थोड्या वेळानं सगळं थांबलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, त्या अवस्थेत जबडा आपोआप घट्ट होतो, मनाला लावून घेऊ नका. मी त्यांना बरं म्हटलं.

माणसं जमायच्या आधी, आम्ही दोघी अम्माचे केस विंचरत होतो तेव्हा, बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "अक्का," ती म्हणाली, "चमचा कुणाच्या हातात आहे ते पाटीला कळलंच नाही. डोळे मिटलेले होते."

अम्माचे डोळे उघडे होते. आम्ही दोघींनीही ते पाहिलं होतं.