भरलेली परत येणारी बाटली

“पहिलीत गेल्यावर सगळीच मुलं रडतात. आमचीही रडली आणि मग आपोआप रुळली. बाबांनी मात्र शाळेत जाऊन उगाच तमाशा केला.”

माझी सून आल्यागेल्याला हे असे सांगते आणि मुलगा शेजारी बसून मान डोलावतो. तमाशा मला मान्य आहे. तो मी आवाज चढवूनच केला. ‘आपोआप’ हा शब्द मात्र मी चालू देणार नाही.

नात नव्या शाळेत जाऊ लागली तेव्हा उन्हाचा कडाका ओसरला नव्हता. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली तिची निळी बाटली सकाळी भरून जाई आणि दुपारी तशीच भरलेली परत येई. नळाच्या पाण्याची दिवस दिवस वाट पाहणारे आमचे शहर. घरात त्याचे कौतुकच झाले. “लई शहाणी गं माझी बाय, पाणी वाचवते,” म्हणत सून ते कोमट पाणी तुळशीला घाली. पोर मात्र हसत नसे.

ओठ फुटलेले मूल पाणी वाचवत नसते, हे मी तेव्हाच बोललो होतो. पुढे घरातही बाथरूमला जाताना ती दारात चप्पल आडवी ठेवू लागली, दार लागू नये म्हणून. एकदा मी ती उचलली, तर आतून किंकाळी आली, “आबा, ठेवा ना ती!”

मग लघवीला जळजळ सुरू झाली, मग ताप. डॉक्टरांनी सांगितले, हिच्या पोटात पाणीच जात नाही.

“नव्या शाळेची धास्ती आहे, बाबा. रुळेल,” मुलगा म्हणाला.

“धास्ती कशाची, ते विचारलंस तिला?”

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी लागते.”

लागते. ताप उतरल्यावर तिला सोडायला मीच गेलो आणि तिला वर्गात बसवून थेट मुलींच्या शौचालयाकडे वळलो. दाराला कडी होती ती बाहेरून. आतून काहीच नव्हते. साफसफाई करणाऱ्या मावशीने माझ्यादेखत, आत न डोकावता, ती खाडकन लावली.

“आत कोणी आहे का, पाहिलंत?”

“कुत्री शिरतात बाबा, म्हणून लावते. पोरी काय, वरडल्या की उघडते.”

“आणि एखादी ओरडलीच नाही तर?”

“एक नवी पोरगी राह्यली व्हती आत,” ती हळूच म्हणाली. “लई येळ. आवाजच केला नाय तिनं.”

त्यानंतर मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत मी जो आवाज केला, तोच तो प्रसिद्ध तमाशा. बाहेरची कडी निघेपर्यंत आणि मुलींच्या हाताला येईल अशी आतून बसेपर्यंत मी तिथून हललो नाही. मग नातीला बोलावून ते दार तिच्याच हाताने लावायला आणि उघडायला लावले. ती पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिली.

सून म्हणते, पोर तोवर रुळतच आली होती.

त्या दुपारी बाटली रिकामी आली.