नवरदेव येईपर्यंत

आमच्या राजूरला लग्नांत माईकवर बोलणारा एक जण आहे. स्टँडअप कॉमेडीत नाव काढायचं म्हणून तो शहरातही कार्यक्रम करतो. बोलताना माईकची वायर बोटाला गुंडाळतो. लोक हसले की सोडतो. "मामा, भुकेल्या वऱ्हाडाला हसवलं की मंग कुठंबी जमतंय," म्हणतो.

माझ्या भाचीच्या लग्नात वऱ्हाड आलं, मुहूर्त टळला, पण नवरदेवाची गाडी न्हाई. फोनही लागेना. मी माईकवाल्याच्या कानात हे सांगितलं.

"किती वेळ ओढू, मामा?"

"गाडी दिसेपर्यंत," मी म्हणालो.

त्यानं वायर गुंडाळली आणि फेट्यांवरून सुरुवात केली. प्रत्येक हशानंतर तो माझ्याकडं बघायचा. मी 'न्हाई' म्हणून मान हलवायचो. मांडव पोट धरून हसत होता. त्याचं बोट निळं पडलं, तरी वायर सुटली न्हाई.