अर्ध्या पानाचा अर्ज

आमच्या घरी पत्रकं आधी आली, मी नंतर. वडील कामगार संघटनेचं काम करत. छापून आलेल्या पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा सुट्टीतला उद्योग होता. त्यामुळे कागदावर काही लिहायचं म्हणजे वर ठळक मथळा, खाली क्रमवार मागण्या आणि शेवटी ‘झालेच पाहिजे’, असं माझ्या हाताला वळणच पडलं. शाळेत आजारपणाच्या रजेचा अर्जही मी असाच लिहिला होता. बाईंनी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवला आणि रजा मंजूर केली. तेव्हापासून मला वाटायचं, हीच अर्ज लिहिण्याची रीत आहे.

कतारला मी यायलाच तयार नव्हते. तिथल्या फुटबॉल वर्ल्ड कपला अजून दोन-तीन वर्षं होती, सगळं दोहा शहर उकरून ठेवलेलं, आणि नवरा त्या उकरलेल्या जमिनीखाली मेट्रो स्टेशनांच्या एसीचं काम बघणारा इंजिनियर. कामगारांना कोंबून नेणाऱ्या बसगाड्या मी फोटोंत पाहिल्या होत्या आणि त्यावर माझी मतं तयार होती. शिवाय ‘स्पॉन्सर’ हा शब्द. लग्नात मी कन्यादान होऊ दिलं नव्हतं, भटजीशिवाय सह्या करून लग्न केलं होतं. आता तीच मी कागदोपत्री नवऱ्याच्या जबाबदारीवर राहणार होते. पण मुलगी साडेतीन वर्षांची झाली होती आणि बापाला ती फोनपुरतीच ओळखत होती. म्हणून व्हिजिट व्हिसावर दोघी आलो.

आणि मला तिथे आवडलं. हे कबूल करायला मला वेळ लागला. दोहाच्या मुऐदर भागातल्या एका व्हिलाचे जिप्समच्या भिंती घालून पाच बिऱ्हाडांसाठी तुकडे केले होते. आमच्या वाट्याला पूर्वीची बैठकीची मोठी खोली आली होती. पलीकडच्या केरळी बाईने कुकर लावला की शिट्ट्या आमच्याकडे मोजता यायच्या. संध्याकाळी पाचला नवरा धुळीने पांढरा होऊन यायचा आणि मुलगी दारातच त्याची झडती घ्यायची. पहिले पंधरा दिवस ती त्याच्याशी परक्यासारखी वागली. मग एकदम भांडायला लागली. तेव्हा मला कळलं की जमलं.

आम्हा दोघींच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यासाठी, नवऱ्याच्या ओळखपत्रावर ‘इंजिनियर’ असा हुद्दा लागत होता. तिथे ‘टेक्निशियन’ होतं. तो बदलायला कंपनीचं पत्र हवं, आणि ऑफिसातला माणूस दर आठवड्याला “उद्या, इन्शाल्ला” म्हणत होता. आमच्या व्हिजिट व्हिसाची मुदत एकदा वाढवून झाली होती. दुसऱ्यांदा वाढवायची तर कारण देऊन अरबीत अर्ज करा, असं सांगण्यात आलं. हातात नऊ दिवस होते. अर्ज नामंजूर झाला तर आम्ही दोघी परत, आणि पुन्हा कधी येऊ ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

अर्ज मी लिहिते म्हटलं. आधी मराठीत लिहिला, म्हणजे नेमकं म्हणणं पक्कं होईल. अडीच पानं झाली. पहिल्या पानावर कंपनीचं नाव घेऊन तिच्या दिरंगाईचा निषेध. दुसऱ्यावर, ठरावीक पगार आणि हुद्दा असणाऱ्यालाच बायकामुलं आणता येतात, मग स्टेडियमच्या सळया बांधणाऱ्याला संसार नसतो का, असा सवाल. शेवटच्या अर्ध्यावर तीन मागण्या.

नवऱ्याने जेवताना वाचलं. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

“छान लिहिलंयस. याला घोषणा कोण देणार? मी की पोरगी?”

“यात खोटं काय आहे ते दाखव.”

“खोटं काहीच नाही. पण कंपनीचं नाव घातलंस, तर परवा मला बोलवतील. मग रेसिडेन्सी राहिली, मीच तुमच्याबरोबर विमानात.”

“म्हणजे घाबरून लिहायचं.”

“घाबरून नको. थोडक्यात लिही, एवढंच म्हणतोय.”

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धा दिवस रजा काढली आणि आम्ही तिघं बिन महमूद भागातल्या, अरबीत अर्ज टाइप करून देणाऱ्या एका दुकानात गेलो. कालचा रस्ता आज बंद असायचा, त्यामुळे टॅक्सीवाल्याने दोनदा वळसा घातला, आणि त्या पूर्ण वेळात मी माझी अडीच पानं मांडीवर धरून बसले होते.

दुकानात साठीचे एक चाचा होते. रत्नागिरीकडचे, तीस वर्षं दोहात, अरबी टायपिंगमध्ये मुरलेले. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून त्यांनी आमचा नंबर नसताना आम्हाला आत घेतलं, आणि मला त्याचाही थोडा राग आला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं.

“बाय, हा अर्ज हाय का मोर्चा?”

नवरा खाली बघून हसला. मी म्हटलं, “चाचा, सगळं खरं आहे.”

“खरा हाय. म्हनून तर वाचलं. पन वाचनार कोन? काउंटरवरच्या मानसाला तीन गोष्टी लागतात. कोन, किती दिवस, कशापायी.”

“कशापायी म्हणजे कंपनीमुळेच.”

“पत्र मिळालं का?”

“नाही.”

“मग तेच लिवतो. पत्र अजून मिळालेलं नाय. ह्यात खोटं हाय?”

मी विचार केला. खोटं नव्हतं. दोष कोणाचा ते मात्र त्यातून गेलं होतं, आणि ते जाऊ देणं मला जड गेलं. तरी मी हो म्हटलं. मग विचारलं, कृपा, दया असले शब्द त्यात येणार का.

“सुरवातीला सलाम आन दुवा असते दोन ओळींची. ती सगळ्यांच्या अर्जात सारखीच. मोठ्या शेठच्यापन, तुज्यापन.”

सगळ्यांना सारखीच असेल तर माझी हरकत नव्हती. उरलं दुसरं पान. सळया बांधणाऱ्याचा सवाल. तो मी सोडायला तयार नव्हते. मी म्हटलं, “एक ओळ तरी राहू द्या. ज्यांना आणताच येत नाही त्यांच्याबद्दल कोणी लिहायचं?”

चाचा टाइप करत होते. न थांबता म्हणाले, “बायको माजी अजून दोहा बघायची हाय. माज्या पगारात नाय बसत.”

रोज दुसऱ्यांच्या बायकापोरांचे कागद हा माणूस करत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. “मग तर लिहायलाच हवं.”

“लिव की. जरूर लिव. पन तुज्या कागदावर लिव. ह्या कागदावर तुजी पोर हाय.”

पोर तेव्हा त्यांच्या टेबलावरचा शिक्का उलटा धरून स्वतःच्या हातावर उमटवत होती. मी दुसरं पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं. हरल्यासारखं वाटलं नाही, पटल्यासारखंही नाही. माझा बाप असता तर तो कोणाच्या बाजूने बोलला असता, याची मला आजही खात्री नाही.

प्रिंटरमधून अर्ध्या पानाचा अर्ज आला. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, “वाचून दाखवा. न समजता मी काही देत नाही.” चाचांनी बोट ठेवून ओळ न ओळ मराठीत सांगितली. सलाम, दुवा, आमची नावं, पत्र मिळालेलं नाही, दोन महिने हवेत. मग नवऱ्याने सही केली. सही त्याचीच लागत होती. तो पेन माझ्यापुढे धरून म्हणाला, “खाली तूही कर. कोणी विचारलं तर बघू.” मी केली. अर्ज काउंटरवर दिला तेव्हा कोणी विचारलं नाही.

सहा दिवसांनी दुपारी मी मटकी निवडत असताना नवऱ्याचा साइटवरून फोन आला. मागे ड्रिलचा आवाज इतका होता की तो ओरडूनच बोलत होता. मेसेज आला होता. दोन महिने मंजूर.

त्या दिवशी तो पाचऐवजी सातला आला, कारण वाटेत त्याने कोणाकडून तरी लहान मुलीची जुनी सायकल आणली होती. एका बाजूचं आधाराचं चाक लंगडत होतं. मुलीने ती व्हिलाच्या अंगणात केरळी बाईच्या कुंड्यांवर घातली, मग फाटकावर.

“दोन महिन्यांसाठी कोणी सायकल घेतं का?” मी विचारलं.

“तेवढ्यात शिकेल की,” तो म्हणाला, आणि पान्हा आणायला आत गेला.